चर्च ऑर्गनवादकांच्या स्थानिक संघटना : भेटी, मैफली आणि आधीची तयारी

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक परगण्यात आणि मोठ्या शहरात चर्च ऑर्गनवादकांची एक संघटना असते. वर्षाची वर्गणी, साधारण महिन्याला एक कार्यक्रम, वर्षातून एकदा हिशेबाची सभा. "ही मंडळी जमून करतात तरी काय, आणि मैफलीला बाहेरच्यांना जाता येतं का" हा प्रश्न दुसऱ्या धाग्यावर आला होता. तिथे अवांतर नको म्हणून इथे लिहितोय.

मुळात अडचण अशी की व्हायोलिनवाला आपलं वाद्य पाठीला लावून निघतो, ऑर्गन मात्र भिंतीला बांधलेला. वादकालाच त्याच्याकडे जावं लागतं. त्यात दोन ऑर्गन एकसारखे नसतात. इथे दोन मॅन्युअल (हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या रांगा), तिथे चार. कुठे ५८ पट्ट्या, कुठे ६१. पायाखाली एकीकडे ३० पेडल, दुसरीकडे ३२. वर्षानुवर्षं दर रविवारी एकाच ऑर्गनवर बसणाऱ्याचे हातपाय त्या एकाच वाद्याला सरावतात. शिवाय चर्चं आठवडाभर कुलूपबंद. म्हणून संघटनेच्या वार्षिक पत्रिकेत सगळ्यात जास्त ओळी ऑर्गन-भेटींच्या असतात, आणि माझ्या मते सभासदत्वाचे पैसे तिथेच वसूल होतात. मैफली त्यानंतर.

भेट ठरवताना पाळक आणि तिथला कायमचा वादक, दोघांची परवानगी वेगवेगळी घ्यायची. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याला कळवलंय असं धरू नका. लग्न-अंत्यविधीची वही बघून तारीख पक्की करायची. नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टरमधून त्या ऑर्गनच्या स्टॉपची (एकेका आवाजाचा पाइपसमूह चालू करणाऱ्या खुंट्यांची) यादी छापून सगळ्यांना आधी पाठवायची, म्हणजे कुठली रचना तिथे वाजेल हे घरीच ठरतं. पेडलला रीड (जिभेचे, कडक आवाजाचे पाइप) नसलेल्या लहान ऑर्गनवर कुणी मोठी फ्रेंच रचना घेऊन आला की त्याचाही वेळ जातो आणि इतरांचाही.

आता वेळेचा हिशेब. दीड तासाची भेट असेल तर पहिली १५ मिनिटं तिथल्या वादकाची, एकेक स्टॉप ऐकवण्यासाठी. उरली ७५. दहा जण वाजवणार असतील तर प्रत्येकी साडेसात, त्यातली दोन-अडीच बाकाची उंची बदलणं आणि स्टॉप ओढणं यात जातात. म्हणजे रचना पाच मिनिटांच्या आतली हवी. नावांची यादी दाराशी लावा. ती नसली की पहिले तिघे वीस-वीस मिनिटं बसतात आणि शेवटच्या तिघांना चहाच मिळतो.

बुटांबद्दल एकच: ऑर्गनसाठी वेगळा जोड, पातळ चामडी तळ आणि टाच असलेला. रस्त्यावरची खडी घेऊन पेडलवर चढायचं नाही.

पायपेटी

अडाणी प्रश्न. संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गन असायचा, तो हाच का?

काळी_पाच

नाही, आणि प्रश्न अडाणीही नाही. नाटकातला ऑर्गन म्हणजे रीड ऑर्गन. पायाने भाता चालवायचा, आतल्या पितळी रीड हवेने थरथरतात. आपल्या पेटीचाच थोरला भाऊ, फक्त बहुतेक रीड ऑर्गनमध्ये हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढली जाते. त्याला पाइप नसतात.

पाइप ऑर्गनमध्ये दोन जाती. फ्लू पाइप शिट्टीसारखा: ओठावर हवेची धार आपटते आणि नळीतला हवेचा स्तंभ गातो. रीड पाइपमध्ये पितळी जीभ असते. पेटीची रीड चौकटीतून आरपार हलते, ऑर्गनची जीभ मात्र खालच्या खोबणीवर आपटते, म्हणून तिचा आवाज ट्रम्पेटसारखा कडक.

स्टॉपवर लिहिलेले आकडे फुटांत. ८ म्हणजे पट्टीचा मूळ सूर, कारण सगळ्यात खालच्या सी-चा उघडा पाइप साधारण ८ फूट लांब असतो. ४ म्हणजे एक सप्तक वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली. पाइपचं वरचं तोंड बंद केलं की निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो. जागा कमी असलेल्या चर्चमध्ये १६ फुटी पेडलचे पाइप बहुधा तोंड बंद केलेले असतात, उंची ८ फूट.

टेम्सकाठची_सरिता

मैफलींबद्दल लिहा ना. इथे दुपारी एकच्या सुमारास चर्चबाहेर फलक दिसतो, आत जावं की नाही कळत नाही.

मंद्रसप्तक

बिनधास्त जा. दुपारची मैफल ४० ते ४५ मिनिटांची, प्रवेश बहुधा मोफत, निघताना दाराशी ताट. संघटनेच्या वर्षात साधारण तीन तऱ्हा असतात: सभासदांची मैफल (पाच-सहा जण एकेक रचना वाजवतात), बाहेरून बोलावलेल्या वादकाची संध्याकाळची मैफल, आणि उन्हाळ्यातली दुपारची मालिका. मालिका उन्हाळ्यातच का, याचं उत्तर सुट्ट्यांपेक्षा हीटिंगमध्ये आहे. त्यावर काळी_पाच जास्त नीट लिहितील.

काळी_पाच

लिहितो. आयोजक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगाने जातो, म्हणून फ्लू पाइपचा सूर चढतो. एका अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). रीड पाइपचा सूर मुख्यतः जिभेवर ठरतो, तो जवळपास तिथेच राहतो. आता समजा ट्यूनर मंगळवारी सकाळी १२ अंशांत ऑर्गन लावून गेला आणि शनिवारी संध्याकाळी हीटिंग लावून चर्च २० अंशांवर नेलं. फ्लू पाइप ८ × ३ = २४ सेंट चढले, ट्रम्पेट आणि ओबो हे रीड स्टॉप मागे राहिले. २४ सेंट म्हणजे आपल्या हिशेबाने एका प्रमाणश्रुतीहून जरासं जास्तच. शेवटच्या पानावर सगळे रीड ओढले की अख्ख्या चर्चला कळतं. लोक वादकाला नावं ठेवतात, दोष थर्मोस्टॅटचा असतो.

म्हणून ट्यूनरला मैफलीचं तापमान आधी सांगायचं आणि तो यायच्या आधी हीटिंग तितक्यावर स्थिर ठेवायचं. जुन्या दगडी चर्चला तिथवर पोचायला कित्येक तास लागतात. नुसती हवा गरम होऊन भागत नाही, पाइपही त्या तापमानाला यावे लागतात. वरचे पाइप खालच्यांपेक्षा जास्त गरम हवेत असतात, त्यामुळे उंचावरचा स्वेल (झडपांच्या पेटीतला पाइपांचा विभाग) आणि खालचा ग्रेट (मुख्य विभाग) सुरात एकमेकांपासून सुटतात, हा त्यातला उपप्रकार. ट्यूनर काम करताना आवारात शांतता हवी. व्हॅक्यूम क्लीनर लावलेला असेल तर त्याला ठोके (दोन सूर जुळत नसताना येणारी आवाजाची थरथर) ऐकूच येत नाहीत, आणि तो दोन सुरांमधले ठोके मोजूनच लावतो.

ऐनवेळी तापमान वेगळंच निघालं तर? फ्लू पाइपना हात लावायचा नाही, ते शेकड्यांनी आहेत. ट्यूनर हजर असेल तर तो रीड फ्लूला जुळवून घेतो, ते तासा-दोन तासांचं काम. नसेल तर रीड न ओढता कार्यक्रम करा. कुणाला उणीव जाणवणार नाही, बेसूर मात्र नक्की जाणवला असता.

टेम्सकाठची_सरिता

बाहेरचा वादक येतो तो आदल्या दिवशी येऊन सराव करतो का? पियानोवाल्यासारखा तासभर आधी आला तर चालत नाही?

खर्जातला_सा

तासाभरात फक्त बाक लावून होतो. तीन मॅन्युअलच्या ऑर्गनवर तासाभराच्या कार्यक्रमासाठी किमान तीन-चार तास एकट्याला चर्च द्या, शक्यतो दोन बैठकांत. त्यातला बराच वेळ वाजवण्यात जातच नाही. कुठल्या क्षणी कोणते स्टॉप हवेत ते ठरवून पिस्टनवर, म्हणजे अंगठ्याखालच्या बटणांवर साठवायचं असतं.

भांडणं होतात ती इथे. नव्या कन्सोलमध्ये (वादक बसतो तो पट्ट्या-स्टॉपांचा भाग) स्मृतीचे शेकडो स्तर असतात, प्रत्येकात पिस्टनची वेगळी मांडणी. पाहुण्याला लेखी सांगा: "स्तर ४० ते ४९ तुमचे." तिथल्या वादकाच्या स्तरावर चुकून 'सेट' दाबलं गेलं की रविवारी सकाळी पहिल्याच गीताला त्याच्या हाताखाली भलतंच काही वाजतं. जुन्या कन्सोलला एकच स्तर असेल तर पाहुण्याने आधीची स्टॉपांची मांडणी कागदावर उतरवून घ्यायची आणि जाताना परत बसवायची. फोटो काढून भागत नाही. पिस्टन दाबून कोणते स्टॉप बाहेर आले ते एकेक करून लिहावं लागतं.

दुसरी गोष्ट, सरावाला एक जाणता कान खाली मंडळीच्या (उपासनेला जमणाऱ्या लोकांच्या) बाकांवर बसवा, साधारण मधल्या रांगेत. कन्सोल पाइपांच्या कुशीत असेल तर वादकाला ग्रेट प्रचंड ऐकू येतो आणि स्वेल दबलेला, खाली नेमकं उलट असू शकतं. रिकामं चर्च आणि भरलेलं चर्च यांतही फरक पडतो. माणसं आणि कोट आवाज पितात. सरावात किंचित घुमारेदार वाटलं तर मैफलीत बरोबर बसतं.

पायपेटी

आणि पानं उलटणारा? टॅब्लेटच्या जमान्यात लागतो का?

खर्जातला_सा

टॅब्लेट असला तरी पाय मोकळे नसतात, त्यामुळे पियानोवाले पायाने पान उलटतात तसं इथे सहज जमत नाही. पानं उलटणारा उभाच राहतो, बाकावर बसत नाही, कारण वादक पेडलसाठी बाकावर डावी-उजवीकडे सरकतो. पिस्टन नसलेल्या यांत्रिक (पट्ट्या दांड्यांनी झडपांना जोडलेल्या) ऑर्गनवर दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस लागतो, तो स्टॉप ओढतो. त्यांच्यासाठी नोटेशनच्या प्रतीवर डावीकडच्यासाठी निळी आणि उजवीकडच्यासाठी लाल पेन्सिल वापरा. "ट्रम्पेट आत" एवढंच लिहू नका, ग्रेटचा की स्वेलचा ते लिहा. दोन्हीकडे ट्रम्पेट असतो.

प्रेक्षकांना वादकाची पाठसुद्धा दिसत नाही, म्हणून हल्ली पडदा लावतात. एक कॅमेरा डाव्या खांद्यामागून वर, हातांसाठी. दुसरा जमिनीलगत, पायांसाठी, तिथे छोटा दिवा ठेवावाच लागतो कारण पेडलखाली अंधार. जोडणी केबलनेच करा. वायरलेसवर चित्र मागे पडतं आणि सूर आधी, बोट नंतर असा विचित्र प्रकार दिसतो.

काळी_पाच

पडद्याबद्दल माझा मतभेद नोंदवतो. लोक पाय बघण्यात गुंगतात आणि ऐकायचं राहतं. पण पडदा असला की लहान मुलं शेवटपर्यंत बसतात, हे मान्य.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स, स्थापना १८९६, मुख्यालय न्यूयॉर्क. गावोगावी शाखा, त्यांना चॅप्टर म्हणतात. इंग्लंडातल्या स्थानिक संघटना मुळात स्वतंत्र वाढल्या, इथे एकच संस्था आणि तिच्या फांद्या. परीक्षाही तीच संस्था घेते: सर्व्हिस प्लेइंग, मग कलीग, असोसिएट, फेलो. इंग्लंडात परीक्षांचं काम रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सकडे (१८६४).

चॅप्टरची दोन कामं इतरांनी उचलण्यासारखी. एक, बदली वादकांची यादी: कोण कुठल्या रविवारी मोकळा, कोण किती लांब येऊ शकतो, कुठल्या पंथाची उपासना वाजवू शकतो. लूथरन उपासनेत आणि कॅथलिक मिसामध्ये वादकाने कधी काय वाजवायचं हे वेगळं असतं, नुसती गीतं येऊन भागत नाही. दुसरं, किशोरवयीनांचं निवासी उन्हाळी शिबिर, पाइप ऑर्गन एन्काउंटर. रोज धडा, रोज वेगळा ऑर्गन, आणि ऑर्गन बांधणाऱ्याकडे नेऊन पाइप हातात देतात.

मुलांच्या कार्यक्रमाला पालक किंवा दोन मोठी माणसं हजर हवीत, एकट्याने शिकवणं नाही. ऑर्गनची माडी एकाकी जागा असते, त्यामुळे हा नियम इथे जास्तच काटेकोर.

टेम्सकाठची_सरिता

पैशांचं गणित कसं जमतं? तिकीट नाही, मग वादकाचं मानधन कुठून?

मंद्रसप्तक

तिकीट न लावण्यातच गणित आहे. ब्रिटनमध्ये करदात्याने धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर गिफ्ट एडखाली पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळतात. तिकीट ही देणगी नव्हे, किंमत आहे, तिच्यावर काही मिळत नाही. म्हणून "प्रवेश मोफत, निघताना देणगी". खुर्चीवर लिफाफा ठेवा. त्यावर नाव, घरचा पत्ता आणि करदाता असल्याची घोषणा हवी. पत्त्याऐवजी ईमेल लिहून देतात, तो लिफाफा बाद. ताटात पडलेली सुटी रक्कम किंवा मशीनवर टेकवलेलं कार्ड, एकावेळी ३० पौंडांपर्यंत, लहान देणग्यांच्या योजनेत बसतं, वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत. मात्र या योजनेत धरलेली रक्कम त्याच वर्षी साध्या गिफ्ट एडखाली दाखवलेल्या देणग्यांच्या दहापटीवर जाता कामा नये. म्हणजे लिफाफे हवेतच.

परवाना: उपासनेतल्या संगीतासाठी पीआरएस (संगीतकारांचं स्वामित्वधन गोळा करणारी संस्था) पैसे मागत नाही, मैफल मात्र त्यांच्या कक्षेत येते. चर्चचा वार्षिक परवाना आहे का आधी विचारा. ब्रिटनमध्ये स्वामित्वहक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, तेही ते कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत. विडोर आणि व्हिएर्न हे फ्रेंच ऑर्गन-रचनाकार दोघे १९३७ मध्ये गेले, दोघेही मोकळे. त्यांच्याच देशाचा मेसियाँ गेला १९९२ मध्ये, म्हणजे २०६२ संपेपर्यंत थांबा. बाखची रचना असली तरी कुणी अलीकडे ऑर्गनसाठी रूपांतर केलेलं असेल तर त्या रूपांतराचा हक्क वेगळा. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे, त्यामुळे एकच यादी दोन्हीकडे वापरू नका.

कुलाबा_कॉजवे

मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये (१७१८) पाइप ऑर्गन आहे. इथे हीटिंगचा प्रश्नच नाही, पण हवेचा त्रास पावसाळ्यात उलट्या बाजूने होतो. इंग्लंडात हिवाळी हीटिंगने हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, साउंडबोर्डला (पाइप ज्यावर उभे असतात त्या लाकडी पेटीला) चीर पडते आणि एका पाइपची हवा शेजारच्यात झिरपून तोही बारीक कण्हतो. मुंबईत जुलैत लाकूड फुगतं. पट्ट्या चौकटीत अडकतात, स्टॉपच्या सरकपट्ट्या ओढता ओढवत नाहीत, भात्याच्या चामड्याला बुरशी येते. जोर लावून स्टॉप ओढू नका, दांडीचा सांधा निखळतो. ओल घालवायला पियानोत ठेवतात तसा बल्ब इथे पुरत नाही, ऑर्गनच्या आत खोलीएवढी जागा असते. आर्द्रतामापक आत ठेवून रोज नोंद करा. ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिलं तर उत्तम. डीह्युमिडिफायर लावलात तर त्याचा झोत थेट लाकडावर नको, आणि एका दिवसात २० टक्क्यांनी उतरवू नका. चढउतार हा दमटपणापेक्षा वाईट.

पायपेटी

मैफल चालू असताना सूर अडकला तर? पेटीत अडकतो तसा.

काळी_पाच

त्याला सायफर म्हणतात. संघटनेच्या प्रत्येक मैफलीला एक माणूस याच कामासाठी नेमलेला हवा, ज्याला ऑर्गनच्या आतला रस्ता माहीत आहे.

आधी स्टॉप एकेक करून आत ढकला. ज्या स्टॉपबरोबर सूर थांबला तो पाइपसमूह दोषी. तो बाजूला ठेवून कार्यक्रम पुढे न्या. सगळे स्टॉप बंद करूनही सूर चालूच असेल तर ब्लोअर (हवा पुरवणारा पंखा) बंद. दोष एका मॅन्युअलचा असेल आणि यांत्रिक ऑर्गन असेल तर तीच पट्टी पाच-सहा वेळा झटकन दाबून सोडा. पट्टी दाबल्यावर खालची झडप उघडते. तिच्या चामड्यावर धुळीचा कण किंवा लाकडाचा बारीक भुसा बसला की ती पूर्ण मिटत नाही, आणि हवेच्या झटक्याने बऱ्याचदा तो कण निघून जातो. नाही निघाला तर आत जाऊन तो एक पाइप भोकातून उचलून बाजूच्या फळीवर आडवा ठेवायचा. फक्त लहान फ्लू पाइप. तेही पायाकडून धरायचा, कारण शिसे-कथलाचं मिश्रण मऊ असतं, वरच्या टोकाला धरलात तर काठ दबतो आणि सूर कायमचा बदलतो. रीड पाइपला हात लावायचा नाही, त्याच्या तारेला धक्का लागला तरी सूर गेला. आत जाताना दोघं जा, चालायच्या फळीवरच पाय ठेवा. आडव्या बारीक लाकडी पट्ट्या दिसतात त्या कठडा नव्हेत, त्या पट्टीपासून झडपेपर्यंतचे दुवे आहेत.

सोप्रानो_ताई

मंडळीत पेटी-कीबोर्ड वाजवणाऱ्यांना ऑर्गनवर बसवायचं असेल तर संघटना काही शिकवते का?

खर्जातला_सा

हो, पियानोवाल्यांना वळवण्याच्या कार्यशाळा बहुतेक ठिकाणी असतात. पहिला धडा एका गीताचा. चार आवाजांच्या ओळींतल्या वरच्या दोन उजव्या हाताने, तिसरी डाव्या हाताने, चौथी पायाने. सुरुवातीला पाय बाजूला ठेवा, तिसरी-चौथी डाव्या हातात घ्या. मग पाय एकटा, फक्त बोटांच्या टोकाने. मग डावा हात आणि पाय. सगळं एकत्र शेवटी. डावा हात आणि पाय वेगळे करणं हाच खरा अडथळा, उजव्याला काही होत नाही.

पेटीवर भाता दाबून सूर फुगवता येतो, पियानोवर सूर आपोआप विरतो. पाइप मात्र पट्टी सोडेपर्यंत तेवढाच वाजतो. म्हणून लय कळते ती पट्टी केव्हा सोडली यावरून. चालीत एकच सूर दोनदा आला तर मधे तोडा, मधल्या ओळींत आला तर धरून ठेवा. दोन कडव्यांमधली विश्रांती दर वेळी सारखीच मोजा, मंडळी तिच्यावरच श्वास घेते. आणि मंडळीच्या मागे जाऊ नका. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत उशिरा पोचतो. त्याला जुळवत गेलात तर प्रत्येक कडवं आधीच्यापेक्षा संथ होतं.

स्टॉप: ८ आणि ४ चे प्रिन्सिपल (ऑर्गनच्या मूळ आवाजाचे फ्लू स्टॉप), मोठ्या मंडळीला २ ची भर. ८ चेच पाच-सहा एकदम ओढले की आवाज जाडा होतो, स्पष्ट होत नाही.

'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या गीतपुस्तकातल्या पाश्चात्त्य चालींना हे लागू. रेव्हरंड टिळकांच्या भजनांना तबला असेल तर पेडल बंद, ८ चा बासरीसारखा एकच स्टॉप, सूर तोडून तोडून. १६ फुटी खर्ज डग्ग्यावर बसला की ठेका ऐकूच येत नाही.

सोप्रानो_ताई

हे उपयोगी आहे. भेट संपल्यावर आवरायचं काही ठरलेलं असतं का?

मंद्रसप्तक

सगळे स्टॉप आत. कपलरही (एका मॅन्युअलला दुसऱ्याशी किंवा पेडलशी जोडणारे), ते लोक विसरतात. पिस्टन स्तर परत तिथल्या वादकाच्या आकड्यावर. बाकाच्या खालचे ठोकळे आधी होते त्या उंचीला. स्वेलच्या झडपा उघड्या ठेवा, मग ब्लोअर बंद. काही जण धूळ नको म्हणून झडपा मिटतात. मिटल्या तर पेटीच्या आतली हवा बाहेरच्या हवेबरोबर तापत-निवत नाही आणि रविवारी स्वेल ग्रेटपासून सुटलेला सापडतो.